खुराड्यातला पाहुणा



सकाळी सात वाजले तरी तुम्ही अंथरुणातच लोळत असता, तेव्हा घरात काय ऐकू येतं? "ऊठ की रे! अजगरासारखा पसरलायस नुसता!" हो ना? आमच्या वर्गातही कुणी बाकावर डोकं टेकून पेंगायला लागलं, की मागच्या बाकावरून हळूच आवाज येतोच, "बाई, अजगर!"

आज या अजगराचीच गोष्ट सांगणार आहे. पण आज मी आपण होऊन विषय निवडलेला नाही. तो एका पत्रानं निवडला आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका खेड्यातून सहावीतल्या एका मित्राचं हे पत्र आलं. वहीच्या दोन पानांवर, पेन्सिलीनं लिहिलेलं. तो लिहितो, "बाई, आमच्या शेजारच्या काकूंच्या खुराड्यात रात्री अजगर शिरला. दोन कोंबड्या गिळून तिथंच पडून राहिला. सकाळी सगळी वाडी जमली. सगळे म्हणाले, मारा. मी म्हटलं, तो विषारी नसतो, मारू नका. तर मोठी माणसं म्हणाली, तू गप्प बस, तुला काय कळतं. मग त्यांनी त्याला काठ्यांनी मारलं. मी घरात जाऊन बसलो. बाई, मी काय म्हणायला हवं होतं?"

मुलांनो, हे पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर चटकन सुचेना. मग ठरवलं, आधी आपण सगळे मिळून अजगराची नीट ओळख करून घेऊ. मग शेवटी या मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. चालेल ना?

आधी नावापासून सुरुवात करू. 'अज' म्हणजे बोकड आणि 'गर' म्हणजे गिळणारा. बोकड गिळतो तो अजगर! आपल्याकडे जंगलात, डोंगरउतारावर, नदी-ओढ्याच्या काठी आणि कधी कधी ऊसभातातही सापडतो तो भारतीय अजगर. त्याची लांबी साधारण ३ मीटर, क्वचित ४ मीटर किंवा त्याहून थोडी जास्त. अंगावर पिवळट-करड्या रंगावर गडद तपकिरी, वेडेवाकडे ठिगळासारखे डाग. डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण. वाळलेल्या पानांत हा पडला, की दोन हातांवरूनही दिसायचा नाही.

३ मीटर म्हणजे किती, हे कळण्यासाठी आम्ही शाळेच्या मैदानावर एक खेळ केला. तुम्हीही करा. एक लांब दोरी घ्या आणि पट्टीनं मोजून तिला खुणेच्या गाठी मारा. पहिली गाठ ३ मीटरवर. हा झाला आपला अजगर. त्याच्या शेजारी माझ्या तिसरीतल्या मुलांना एकामागे एक झोपवलं, तर दोन मुलं आणि वर तिसऱ्याचं डोकं एवढीच लांबी झाली. दुसरी गाठ ६ मीटरवर. हा जाळीदार अजगर, जगातला सगळ्यात लांब साप. याच्या अंगावर जाळीसारखी नक्षी असते. तो इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाईन्स अशा देशांत राहतो आणि आपल्या निकोबार बेटांवरही आढळतो. कधी कधी तो ६ मीटरच्याही पुढे जातो, बरं का!

"आणि ॲनाकोंडा, बाई?" सिनेमा पाहिलेला कुणीतरी ओरडतोच! हिरवा ॲनाकोंडा दक्षिण अमेरिकेतल्या दलदलीत आणि नद्यांत राहतो. लांबीत तो जाळीदार अजगराच्या मागे, पण वजनात सगळ्यांच्या पुढे. एवढं जड अंग जमिनीवर ओढायचं म्हणजे कष्टाचं काम. म्हणून स्वारी बहुतेक वेळ पाण्यातच असते.

आता तिसरी गाठ. ही कुठे मारायची? तब्बल १३ मीटरवर! दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात कोळशाच्या एका खाणीत प्रचंड मोठ्या सापाचे मणके सापडले. शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याला नाव दिलं, टायटॅनोबोआ. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी तो पृथ्वीवर होता. मणक्यांच्या मापावरून त्याची लांबी १३ मीटरच्या आसपास आणि वजन एक टनाहून जास्त असावं, असा अंदाज केला गेला. आमच्या मैदानावर त्याच्याएवढी रांग करायला दहा मुलं लागली. दहावा तर थेट घंटेच्या खांबापाशी पोचला!

या सगळ्या मोठ्या बिनविषारी सापांची दोन मुख्य घराणी आहेत. एक अजगरांचं आणि दुसरं बोआंचं. अजगरांचं घराणं आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात पसरलेलं. ॲनाकोंडा मात्र बोआंच्या घराण्यातला. दोन्हींत एक मोठा फरक आहे. अजगर अंडी घालतात, तर बहुतेक बोआ थेट पिल्लांना जन्म देतात.

बोआंचे नातेवाईक आपल्या महाराष्ट्रातही आहेत, हे ठाऊक आहे का? आपलं मांडूळ! जेमतेम मीटरभर लांबीचं, मातीत राहणारं, उंदीर खाणारं गरीब जनावर. त्याची शेपटी तोंडासारखी बोथट असते, म्हणून लोक त्याला 'दुतोंड्या' म्हणतात. मांडूळ घरात ठेवलं की पैशांचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडतं, अशा थापा मारून काही लबाड लोक ते विकतात आणि भोळी माणसं फसतात. मांडूळ पकडणं, विकणं हा गुन्हा आहे. मुलांनो, मांडुळामुळे शेतकऱ्याच्या घरी पैसा येतो खरा, पण तो उंदरांपासून वाचलेल्या धान्याचा!

आता अजगर शिकार कशी करतो, ते पाहू. तो वाघासारखा पाठलाग करत नाही. तो दबा धरून बसतो. तासन् तास, कधी दिवसन् दिवस. म्हणजे आपण ज्याला आळस म्हणतो, ती त्याची शिकारीची रीत आहे! अंधारातही त्याला सावज कळतं. त्याच्या ओठांच्या खवल्यांवर बारीक खाचा असतात. जवळून उंदीर, ससा असा उबदार अंगाचा प्राणी गेला, की त्याच्या अंगातून निघणारी उष्णता या खाचांना जाणवते. आपण डोळे मिटून चुलीकडे तोंड केलं, तर चूल कुठे आहे ते गालाला कळतंच की नाही? तसंच काहीसं. पण अजगराची ही जाण आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते.

सावज टप्प्यात आलं की झडप! त्याच्या तोंडात विषाचे दात नसतात. असतात ते मागे वळलेले, गळासारखे, पुष्कळ दात. एकदा पकडलेलं सावज मागे सुटत नाही. मग अंगाचे वेढे. 'अजगर हाडं मोडून मारतो' किंवा 'गुदमरवून मारतो' असं आपण ऐकत आलो. मीही पूर्वी वर्गात तसंच सांगत असे. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी बोआच्या मिठीत सापडलेल्या उंदरांचं रक्ताभिसरण मोजलं. तेव्हा कळलं, की मिठी पडल्यावर काही सेकंदांतच रक्ताचा प्रवाह बंद पडायला लागतो. हृदय रक्त पुढे ढकलूच शकत नाही. श्वास कोंडण्याची वेळ येण्याआधीच सावज बेशुद्ध होतं. माझी चूक सुधारली. तुम्हीही तुमच्या वहीत सुधारून घ्या!

आता गिळण्याची करामत. आपला खालचा जबडा हनुवटीपाशी एकसंध असतो. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग मात्र पुढे जोडलेले नसतात. मध्ये रबरासारखा ताणला जाणारा स्नायुबंध असतो. त्यामुळे तोंड भलतंच मोठं उघडतं. मग अजगर डावा जबडा थोडा पुढे सरकवतो, नंतर उजवा, पुन्हा डावा. खरं म्हणजे तो सावजाला आत ओढत नाही, स्वतःच सावजावर चढत जातो. पायात मोजा कसा चढवतो आपण? एकदा डावीकडून ओढायचा, एकदा उजवीकडून. अगदी तसंच. मग तोंड एवढं भरल्यावर तो श्वास कसा घेत असेल? त्याच्या श्वासनळीचं टोक तोंडात पुढे सरकतं आणि हवा आत-बाहेर होत राहते. निसर्गानं सगळा विचार केलेला आहे!

एकदा जेवण झालं, की खरं काम सुरू होतं, ते पोटात. ब्रह्मदेशी अजगरावर केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. मोठं जेवण झाल्यावर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचा आकार सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला आढळला! पचन संपलं की हृदय पुन्हा पहिल्यासारखं. बाहेरून तो सुस्त पडलेला दिसतो, पण आत मात्र सगळा कारखाना जोरात चालू असतो. आणि एकदा पोटभर जेवला, की पुढे कित्येक आठवडे, वेळ आली तर महिनोन् महिने, तो काही न खाता राहू शकतो.

आता सांगा, खुराड्यातला अजगर दोन कोंबड्या गिळून तिथंच का पडून राहिला? ज्या फटीतून तो आत आला, त्या फटीतून फुगलेलं पोट बाहेर निघेना! तो दडून बसला नव्हता, कुणावर टपूनही बसला नव्हता. तो अडकला होता. हे त्या वाडीतल्या कुणाला माहीत असतं, तर?

अजगराची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ती आहे अजगराच्या आईची. उन्हाळ्यात मादी बिळात, ढोलीत किंवा खडकाच्या कपारीत अंडी घालते. सगळी अंडी एकत्र गोळा करते आणि स्वतःच्या अंगाचं वेटोळं त्यांच्याभोवती घालून बसते. सुमारे दोन महिने! या काळात ती सहसा काही खात नाही. आणि गंमत म्हणजे हवा थंड झाली, की ती चक्क कुडकुडते. थंडीनं नव्हे, मुद्दाम! सगळे स्नायू सारखे आवळते नि सैल सोडते. त्यामुळे अंग तापतं आणि अंड्यांना ऊब मिळते.

साप तर थंड रक्ताचा प्राणी, तो ऊब कशी देणार? लामार-पिको नावाच्या एका फ्रेंच निसर्गनिरीक्षकानं १८३२ च्या सुमारास पॅरिसमधल्या विद्वानांना सांगितलं, की हिंदुस्थानातली अजगराची मादी अंडी उबवते. विद्वानांना ते पटलं नाही. पण १८४१ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातच एका मादी अजगरानं अंडी घातली. व्हालांसिएन नावाच्या शास्त्रज्ञानं तिच्या वेटोळ्यात तापमापक ठेवून पाहिला. वेटोळ्यातलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा खरोखरच बरंच जास्त होतं! ज्याचं म्हणणं कुणी मानलं नव्हतं, तोच खरा ठरला. पत्र लिहिणाऱ्या मित्रा, ही गोष्ट खास तुझ्यासाठी सांगितली, बरं का.

अंड्यातून निघालेली पिल्लं हातभर लांबीची असतात. इथून पुढे मात्र आई त्यांच्याकडे बघत नाही. ज्याचं त्यानं शिकायचं, ज्याचं त्यानं जगायचं. यातली बरीचशी घारी, मुंगूस, घोरपड यांच्या तोंडी जातात. मोठा अजगर दिसला, की समजायचं, हा पुष्कळ संकटांतून वाचून इथवर आलेला आहे.

आणि हो, अजगराला पाय होते! विश्वास बसत नाही? त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नखासारखे दोन लहान काटे असतात. सापांच्या पूर्वजांना पाय होते, त्यांची ही खूण. म्हणजे अजगराच्या अंगावर फार जुन्या काळचं एक पानच लिहून ठेवलं आहे म्हणा ना!

इथवर वाचून कुणाला वाटेल, "विष नाही, अंगात घाई नाही, मग जवळ जाऊन हात लावायला काय हरकत आहे?" थांबा! इथे बाई जरा मोठे डोळे करणार आहेत.

पहिली गोष्ट. बिनविषारी म्हणजे निरुपद्रवी नव्हे. अजगर चावला तर गळासारख्या दातांनी मोठी जखम होते, आणि त्याच्या अंगातली ताकद मोठ्या माणसालाही भारी पडते. आपला भारतीय अजगर सहसा माणसापासून दूरच राहतो. पण त्याच्या मोठ्या भावानं, म्हणजे जाळीदार अजगरानं, इंडोनेशियात माणूस गिळल्याच्या घटना २०१७ आणि २०१८ साली घडल्या आहेत. अशा घटना अगदी विरळा असल्या, तरी त्या खऱ्या आहेत. म्हणून अंतर ठेवायचंच.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अजगराचं पिल्लू आणि घोणस हे वरवर पाहता सारखे दिसतात. दोघंही जाडजूड, दोघंही तपकिरी, दोघांच्याही अंगावर गडद डाग. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या डागांच्या तीन रांगा असतात, तर अजगराचे डाग वेडेवाकडे असतात. पण हे पुस्तकात ओळखणं सोपं. संध्याकाळच्या अंधारात, गवतात, घाबरलेल्या मनानं ओळखणं फार कठीण. आणि घोणस आपल्या देशातल्या अत्यंत विषारी सापांपैकी एक आहे. 'अजगराचं पिल्लू आहे' असं समजून घोणशीला हात लावला, तर काय होईल ते सांगायला नको. तेव्हा नियम एकच. साप कोणताही असो, आपण ओळखायच्या फंदात पडायचं नाही. लांब व्हायचं आणि मोठ्यांना सांगायचं. साप चावलाच, तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखान्यात.

आता आपल्या मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. त्यानं काय म्हणायला हवं होतं?

मित्रा, तू जे म्हणालास ते खरंच होतं. पण विचार कर, ज्या काकूंच्या दोन कोंबड्या गेल्या, त्यांना 'तो विषारी नाही' हे ऐकून काय वाटलं असेल? त्या कोंबड्यांच्या अंड्यांवर कदाचित त्यांच्या मुलांच्या वह्या-पेन्सिली येत असतील. त्यांचं नुकसान झालं होतं, आणि जमलेली माणसं भ्यालेली होती. भ्यालेल्या माणसाला आपण 'हे करू नका' असं सांगितलं, तर तो ऐकत नाही. त्याला 'हे करा' असं काहीतरी लागतं.

म्हणून पुढच्या वेळी असं म्हणून बघ, "काकू, कोंबड्या गेल्या हे फार वाईट झालं. पण हा आता कुठेही जात नाही, त्याचं पोट अडकलंय. खुराड्याचं दार लावू, पोरांना लांब करू आणि वन विभागाला फोन करू. नंबर १९२६." बस, एवढंच. हा महाराष्ट्र वन विभागाच्या मदतीचा क्रमांक आहे. घराच्या भिंतीवर, कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. फोन लागेपर्यंत घोळक्यातल्या एखाद्या समजूतदार मोठ्या माणसाचा हात धर, शिक्षकांना बोलाव, गावातल्या जाणत्या सर्पमित्राला निरोप धाड. एकट्यानं सगळ्यांशी भांडण्यापेक्षा एकाला आपल्या बाजूला आणणं सोपं असतं.

आणि हेही सांगता येईल, की अजगराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पहिल्या अनुसूचीत ठेवलं आहे. म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण, तेवढंच अजगराला. त्याला मारणाऱ्याला तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो. पण हे अगदी शेवटी, आणि धमकी दिल्यासारखं नाही, हं!

पालकांनाही एक विनंती. खुराड्याच्या फटी बारीक जाळीनं बंद केल्या, कोंबड्या नि करडं रात्री बंद जागेत ठेवली, घराजवळचा दगडमातीचा ढीग आणि सरपणाचा अडगळीचा पसारा हलवला, तर असे पाहुणे कमी येतील. अजगर गावात येतो तो उंदीर-घुशींच्या, कोंबड्यांच्या मागावर. आपण वाट बंद केली, की तो आपल्या वाटेनं जातो. आणि मुलानं 'मारू नका' म्हटलं, तर त्याला 'गप्प बस' म्हणण्याआधी क्षणभर थांबा. कदाचित त्या घोळक्यात सगळ्यात जास्त माहिती त्यालाच असेल.

मित्रा, तो अजगर वाचला नाही, याचं वाईट तुला वाटलं, मलाही वाटलं. पण तू घरात जाऊन नुसता बसला नाहीस. तू पेन्सिल घेतलीस आणि पत्र लिहिलंस. त्या पत्रामुळे आज कितीतरी घरांच्या भिंतींवर १९२६ हा आकडा लिहिला जाईल. पुढच्या खुराड्यातला अजगर कदाचित त्या आकड्यामुळे वाचेल. तेव्हा 'मी काहीच करू शकलो नाही' असं म्हणू नकोस.

चला, आता या आठवड्याचा अभ्यास! दोरीच्या गाठींचा खेळ शाळेत खेळा. टायटॅनोबोआएवढी रांग करायला तुमच्या वर्गातली किती मुलं लागली, ते मला कळवा. आणि आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी गावात अजगर कुठे दिसायचा? ती जागा आता कशी आहे? तिथे झाडी आहे, शेत आहे, की इमारत? उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून पाठवा. चांगल्या पत्रांतल्या गोष्टी याच पानावर सगळ्यांना वाचायला मिळतील.

आणि उद्या सकाळी कुणी तुम्हाला 'अजगरासारखा लोळतोस' असं म्हणालं, तर अंथरुणातूनच ऐटीत सांगा, "आई, अजगर लोळत नाही. तो दबा धरून बसतो!" मग मात्र लगेच उठा. कारण आईची झडप अजगरापेक्षाही वेगवान असते!

तुमच्या,
बाई